दोन बाटल्या आणि एक ताट: रेटिनासाठी काय निवडाल?

'डोळ्यांचं प्रकाशापासून रक्षण' असं छापलेल्या दोन बाटल्या शेजारीशेजारी असतात. एकीत फक्त ल्युटिन आणि झिअॅक्सँथिन ही पिवळी रंगद्रव्यं. दुसरीत त्यांच्यासोबत क आणि ई जीवनसत्त्व, झिंक, कॉपर. यादी लांब म्हणून हात दुसरीकडे जातो. तिथेच गडबड होते.

रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा. त्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींवर दिवसभर उजेड पडतो, त्यांना ऑक्सिजनही भरपूर लागतो आणि त्यांच्या पातळ आवरणांत डीएचए हा पटकन ऑक्सिडाइझ होणारा (ऑक्सिजनमुळे बिघडणारा) मेद ठासून भरलेला असतो. तीव्र उजेडाने उंदरांच्या रेटिनाची हानी होते, हे १९६६ पासून माहीत आहे. अशा प्रयोगांत क जीवनसत्त्व उजेडाच्या आधी दिलं तेव्हा हानी कमी झाली, नंतर दिलं तेव्हा नाही. क जीवनसत्त्वासारख्या अँटिऑक्सिडंटची, म्हणजे असं ऑक्सिडाइझ होणं रोखणाऱ्या पदार्थांची, सगळी आशा इथून सुरू होते. पण उंदराला दिलेला झगझगीत प्रकाश आणि आपला रोजचा उजेड यांत फार अंतर आहे.

लांब यादीची बाटली मुळात उजेडासाठी बनलेलीच नाही. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या 'एरेड्स' चाचणीतून (२००१) ती आली, वयानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या (रेटिनाच्या मधल्या भागाच्या) झिजेसाठी. ज्यांची झीज मध्यम टप्प्यावर होती किंवा एका डोळ्यात पुढे गेली होती, त्यांच्यात ती गंभीर होण्याचा धोका पाच वर्षांत साधारण २५ टक्क्यांनी घटला. डोळे निरोगी असलेल्यांत किंवा झीज नुकती सुरू झालेल्यांत असा फायदा दिसला नाही. शिवाय मात्रा मोठ्या आहेत: मूळ सूत्रात झिंक ८० मिलिग्रॅम, आणि त्याने शरीरातलं तांबं कमी होऊ नये म्हणून कॉपर. हे औषध समजूनच घ्यावं, डॉक्टरांना विचारून. जुन्या सूत्रातलं बीटा-कॅरोटिन २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर काढून त्याजागी ल्युटिन १० आणि झिअॅक्सँथिन २ मिलिग्रॅम आलं, कारण धूम्रपान करणाऱ्यांत आणि आधी केलेल्यांत बीटा-कॅरोटिनने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लेबलवर ते अजून दिसलं, तर अशांनी बाटली खाली ठेवावी.

नुसत्या ल्युटिनची बाटली त्यामानाने निरुपद्रवी. हे पिवळं रंगद्रव्य मॅक्युलात साठतं, निळा प्रकाश आत शिरण्याआधी शोषतं आणि अँटिऑक्सिडंट म्हणूनही काम करतं. गोळीने ते साठणं वाढू शकतं. मात्र त्यामुळे निरोगी माणसाची दृष्टी पुढे वाचते, असा पक्का पुरावा नाही. मला विचाराल तर निरोगी डोळ्यांसाठी ताटच बरं: पालक, मका, अंड्याचा पिवळा बलक. ल्युटिन मेदात विरघळतं, म्हणून पालक थोड्या तेलातुपात शिजवावा. तेलाविना उकडलेल्या पाल्यातून ते कमी मिळतं. बलकातलं प्रमाणाने थोडं, पण चांगलं शोषलं जातं.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याचा मोह असेल, तर अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात स्क्रीनमुळे येणाऱ्या थकव्यावर साध्या काचांपेक्षा त्याचा अल्पकाळात वेगळा फायदा आढळला नाही. कडक उन्हात गॉगल मात्र जरूर घाला. आणि सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून झालेली इजा यातली कोणतीच बाटली भरून काढत नाही.