व्हीपीएलएसमधली स्यूडोवायर तपासायची कशाने? पिंग, व्हीसीसीव्ही, बीएफडी, सीएफएम आणि मॅक-पिंग

शहाद्याच्या शाखेतून सकाळी साडेदहाला फोन आला. "भाऊ, पिंग चालू शे, पण पान उघडस नही." पतसंस्थेचं मुख्य कार्यालय जळगावला, शाखा खानदेशभर, आणि सगळ्या एकाच व्हीपीएलएसवर, म्हणजे दूरदूरच्या शाखा जणू एकाच स्विचला जोडल्या आहेत असं भासवणाऱ्या सेवेवर. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे आणि नंदुरबार अशा पाच ठिकाणी आमचे, म्हणजे सेवादाराचे, पीई राउटर; ग्राहकाची लाइन आमच्या नेटवर्कला मिळते ती इथेच. शहाद्याची शाखा नंदुरबारच्या राउटरला जोडलेली. जळगावात बसून पाहिलं तर नंदुरबारची स्यूडोवायर, म्हणजे दोन पीईंमधली आभासी तार, 'अप'. लेबलं (पॅकेटला वाट दाखवणारे छोटे आकडे) दोन्हीकडे जागेवर, मॉनिटरिंगच्या पडद्यावर सगळं हिरवं. आणि तिकडे शहाद्यात काउंटरसमोर रांग लागलेली.

दुपारी उलगडा झाला. आदल्या रात्री महामार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीने धुळ्याच्या पुढे फायबर तोडली होती. ट्रॅफिक आपोआप भाड्याच्या पर्यायी मार्गावर वळला आणि त्या मार्गावरच्या एका स्विचला मोठी फ्रेम पेलत नव्हती. हिशेब करून पाहा: ग्राहकाचं आयपी पॅकेट १५०० बाइट, त्याचं इथरनेट हेडर १४, व्हीलॅन टॅग (ग्राहकाचं जाळं ओळखायची खूण) ४, फ्रेमच्या पुढे लागणारा कंट्रोल वर्ड ४, दोन लेबलं ८. झाले १५३०, आणि बाहेरचं हेडर वेगळंच. स्विच नेहमीच्या १५२२ वर अडलेला. छोटा पिंग पार, लॉगिनची विनंती पार, उत्तराचं भरलेलं पान मात्र गायब.

स्यूडोवायरची 'अप' स्थिती काय सांगते, ते नीट समजून घ्यायला हवं. लेबलं वाटायला एलडीपी असो (आरएफसी ४७६२ या मानकातला) की बीजीपी (आरएफसी ४७६१), दोन राउटरांनी एकमेकांना लेबलं दिली-घेतली आणि तिथवर जायला एलएसपी, म्हणजे लेबलांची वाट, आहे, एवढाच तिचा अर्थ. एलडीपीत एमटीयूही (एका वेळी जाऊ शकणारा मोठ्यात मोठा आकार) जुळवून पाहतात, पण तो दोन टोकांच्या ग्राहक-पोर्टचा. मधला रस्ता केवढ्या फ्रेमचा आहे, हे त्यात कुणी विचारत नाही. त्यामुळे तपासणीचं एखादं साधन वेगळं ठेवावंच लागतं. आपल्या भागातले छोटे सेवादार मला विचारतात की यातलं नेमकं कुठलं लावायचं. पाचही मी वापरली आहेत, म्हणून शेजारी-शेजारी मांडतो.

ग्राहकाच्या टोकाहून पिंग

सगळ्यात स्वस्त. एका शाखेच्या संगणकावरून दुसऱ्या शाखेच्या संगणकाला. याचा मोठा गुण असा की ग्राहक जे भोगतो तेच हा भोगतो: शाखेचा स्विच, व्हीलॅन, एआरपीचा ब्रॉडकास्ट (पत्ता विचारणारी सगळ्यांना हाक), मॅक (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) शिकणं, स्यूडोवायर, पलीकडची फायरवॉल, सगळंच. लागला तर बरंच काही ठीक आहे. नाही लागला तर कुठे अडलं, याचा पत्ता शून्य.

आकार दिल्याशिवाय मात्र हा पिंग करू नका. विंडोजचा पिंग ३२ बाइटांचा डेटा पाठवतो, त्यातून वरचा बिघाड कधीच दिसणार नाही. १४७२ द्या, २० बाइट आयपी हेडर आणि ८ आयसीएमपीचे (पिंगचं स्वतःचं हेडर) धरून बरोबर १५०० भरतात. राउटरवरच्या नेटवर्कमध्ये मोठं पॅकेट अडलं की 'फार मोठं आहे' असा निरोप पाठवणाऱ्याकडे परत येतो. व्हीपीएलएसमध्ये तो येत नाही, कारण ग्राहकाच्या नजरेत आपण एक स्विच आहोत, आयपीचा टप्पा नव्हे. मधे फ्रेम पडली की गुपचूप पडते, आणि टीसीपी तेच पान पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. शहाद्याला नेमकं तेच चाललं होतं.

व्हीसीसीव्ही पिंग

२००७ च्या आरएफसी ५०८५ मधलं हे साधन. एका पीईवरून दुसऱ्या पीईवर, त्याच स्यूडोवायरच्या लेबलाखाली एलएसपी पिंग जातो. पत्ता १२७ ने सुरू होणारा, यूडीपी पोर्ट ३५०३, म्हणजे वाटेत लेबल सुटलं तरी पॅकेट आयपीने भलतीकडे भटकत नाही. पलीकडचा राउटर नुसतं 'पोचलं' म्हणत नाही, हे लेबल खरंच या स्यूडोवायरचं आहे का, तेही ताडून पाहतो. साध्या पिंगला हे जमत नाही. सिस्कोवर 'पिंग एमपीएलएस स्यूडोवायर', नोकियावर 'व्हीसीसीव्ही-पिंग' असे आदेश आहेत. आकारही देता येतो, त्यामुळे वरचा एमटीयूचा घोळ यानेही पकडला असता, आणि शाखेत कुणाला संगणकासमोर बसवावं लागलं नसतं.

एक गोष्ट मी चाळीसगावला शिकलो. स्यूडोवायर म्हणजे दोन एकेरी वाटा. आणि व्हीसीसीव्ही पिंगचं उत्तर सहसा उलट्या स्यूडोवायरने येत नाही, साध्या आयपीच्या रस्त्याने येतं. जळगावहून चाळीसगावला पिंग केला, पाचही उत्तरं आली, आणि मी ग्राहकाला सांगून टाकलं की लाइन ठीक आहे. ती ठीक नव्हती. चाळीसगावच्या राउटरमध्ये एक कार्ड बदललं होतं आणि जळगावकडे जाणाऱ्या लेबलाची नोंद त्या कार्डापर्यंत उतरलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी चाळीसगावहून उलटा पिंग केला तेव्हा पाचही टिंब आले, म्हणजे एकही उत्तर नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: व्हीसीसीव्ही दोन्ही टोकांवरून, नाहीतर केलाच नाही असं धरायचं.

याची दुसरी मर्यादा म्हणजे हा पीईपाशी सुरू होतो आणि पीईपाशीच संपतो. ग्राहकाचा पोर्ट, चुकलेला व्हीलॅन, मॅकची जुनी नोंद, यातलं काहीही याच्या कक्षेत नाही.

आता कंट्रोल वर्डबद्दल, आणि हे मी थोडं आग्रहाने सांगतो. व्हीसीसीव्हीचं पॅकेट तीन तऱ्हांनी जाऊ शकतं: कंट्रोल वर्डमधून, राउटर अलर्ट लेबल लावून, किंवा स्यूडोवायरच्या लेबलाचा टीटीएल (किती टप्पे जायचं तो आकडा) १ ठेवून. राउटर अलर्टमध्ये वर आणखी एक लेबल चढतं, त्यामुळे जिथे समांतर दोन-तीन वाटा आहेत तिथे तपासणीचं पॅकेट एका वाटेने आणि ग्राहकाचा डेटा दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो. मग आपण जी वाट तपासली ती ग्राहकाची नव्हेच. कंट्रोल वर्डवाली पद्धत डेटाच्या सोबतीने जाते. शिवाय कंट्रोल वर्ड नसेल तर मधले काही राउटर लेबलांच्या खाली डोकावून पहिला अंक बघतात. ग्राहकाच्या यंत्राचा मॅक ४ ने सुरू होत असेल तर त्यांना ते आयपीव्ही४ वाटतं, ६ ने होत असेल तर आयपीव्ही६. मग एकाच संभाषणाची पॅकेटं वेगवेगळ्या वाटांवर पांगतात आणि उलटसुलट क्रमाने पोचतात. एखाद्या शाखेत नवा संगणक आला आणि फक्त त्याच्याशी होणारं काम अडखळतं, अशी तक्रार आली तर आधी मॅकचा पहिला अंक पाहा. २०१८ च्या आरएफसी ८४६९ मध्ये इथरनेट स्यूडोवायरला कंट्रोल वर्ड लावण्याची शिफारस आहे ती याचसाठी. कुठलंही साधन निवडण्याआधी हे चालू करून घ्या, दोन्ही टोकांना.

व्हीसीसीव्हीवरचा बीएफडी

पिंग आपण मारू तेव्हाच बोलतो. बीएफडी अखंड बोलत राहतो. २०१० च्या आरएफसी ५८८५ मध्ये तो स्यूडोवायरवर कसा चालवायचा ते दिलं आहे. ३०० मिलिसेकंदाला एक पॅकेट आणि सलग तीन चुकली की बिघाड, असं ठेवलं तर सेकंदाच्या आत कळतं. दोन्ही दिशा सतत तपासल्या जातात, म्हणजे चाळीसगावचा तो एकेरी बिघाड यात लपला नसता.

तरीही आमच्यासारख्यांनी हा सरसकट लावू नये असं माझं मत आहे. पाच पीईच्या पूर्ण जाळ्यात एका ग्राहकामागे दहा स्यूडोवायर होतात. चाळीस ग्राहक धरले तर चारशे, आणि प्रत्येक राउटरच्या वाट्याला एकशे साठ सेशन. ज्या राउटरमध्ये बीएफडी हार्डवेअरमध्ये चालतो त्याला हे काहीच नाही, पण जिथे तो प्रोसेसरवर चालतो तिथे तपासणीच बिघाडाचं कारण बनते. सातपुड्याच्या बाजूला, अक्कलकुवा-धडगावकडे, मायक्रोवेव्हचा एखादा टप्पा असेल तर पावसाळ्यात ३०० मिलिसेकंदाचा बीएफडी दिवसभर वर-खाली होत राहील. तिथे एक सेकंद ठेवा. आणि बीएफडीची पॅकेटं इवलीशी असतात, त्यामुळे शहाद्याच्या बिघाडात हा शेवटपर्यंत हिरवाच राहिला असता. मुख्य आणि राखीव अशा दोन स्यूडोवायर असतील आणि झटक्यात अदलाबदल हवी असेल, तिथे मात्र याच्या तोडीचं दुसरं नाही.

सीएफएम

कायमची राखण कशाने करायची, असं विचाराल तर माझं उत्तर हे आहे. आयईईई ८०२.१एजी, २००७ चं; वाय.१७३१ त्याच कुळातलं. याची फ्रेम ग्राहकाच्या फ्रेमसारखीच इथरनेट फ्रेम असते, ८९०२ या इथरटाइपची (फ्रेमचा प्रकार सांगणारा आकडा). ती पीईच्या ग्राहक-पोर्टवरून आत शिरते, व्हीपीएलएसच्या ब्रिजमधून जाते आणि पलीकडच्या पोर्टवर पोचते. टोकावरच्या चौकीला मेप म्हणतात. मेप ठरल्या वेळाने सीसीएम, म्हणजे 'मी आहे' असा निरोप, सोडतो; तो मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी सगळ्यांसाठी, असल्याने सगळ्या स्यूडोवायरवर पसरतो. पाच ठिकाणी पाच मेप बसवले की प्रत्येकाला बाकीचे चार ऐकू येतात. दहा वेगळी सेशनं बांधायची गरज पडत नाही. एखादा आवाज बंद झाला की साडेतीन वेळांच्या मुदतीत कळतं; एका सेकंदाचा सीसीएम असेल तर साडेतीन सेकंदांत. ज्याला ऐकू येत नाही तो आपल्या सीसीएममध्ये तशी खूण लावतो, म्हणजे बिघाड एकेरी असेल तर तेही दिसतं. चुकून दुसऱ्या ग्राहकाचं व्हीपीएलएस याला जोडलं गेलं तर अनोळखी नावाचा सीसीएम येतो आणि गजर होतो. दोन ग्राहकांचे डेटा एकमेकांत मिसळणं ही आपल्या धंद्यातली सगळ्यात वाईट चूक, आणि ती स्वतःहून सांगणारं या पाचांतलं हे एकच साधन.

सीएफएमचा लूपबॅकही आहे, पिंगसारखा, एकास एक, हव्या त्या आकाराचा. तो लावाच. सीसीएम मल्टिकास्ट असतो. कधी कधी पसरवलेल्या फ्रेम जातात आणि नेमक्या पत्त्याच्या अडतात. त्या वेळी सीसीएम हिरवा आणि लूपबॅक लाल दिसतो.

त्रास आहे तो बसवण्याचा. पातळ्या ० ते ७. वरच्या ग्राहकासाठी, खालच्या सेवादारासाठी असा रिवाज आहे. तुमची पातळी ग्राहकाच्या पातळीपेक्षा वर गेली तर त्याचे सीसीएम तुमच्या मेपपाशी अडतात. व्हीलॅन टॅग एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला नाही, असं झालं तर काहीच ऐकू येत नाही आणि माणूस तासभर स्यूडोवायरला दोष देत बसतो. स्वस्तातल्या स्विचमध्ये सीएफएम नसतोच, त्यामुळे चौकी शाखेच्या दारापर्यंत नेता येईलच असं नाही. पीईच्या पोर्टवर थांबावं लागतं.

मॅक-पिंग

याचं काम छोटं, पण ते दुसऱ्या कुणाला जमत नाही. अमुक मॅक कुठल्या पीईच्या कुठल्या पोर्टवर आहे, हे तो नेटवर्कलाच विचारतो. नोकियावर मॅक-पिंग आणि सीपीई-पिंग, ज्युनिपरवर 'पिंग व्हीपीएलएस'. भुसावळला एका शाखेची लिंक राखीव पीईवर गेली आणि जुन्या नोंदी काढून टाकण्याचा निरोप बाकीच्या राउटरांपर्यंत पोचला नाही. स्यूडोवायर ठीक, व्हीसीसीव्ही ठीक, सीसीएमही ठीक, कारण आमच्या चौक्यांचे मॅक जागच्या जागी होते. शाखेतल्या ज्या यंत्रांना स्वतःहून बोलायची सवय नाही, तेवढीच हरवलेली. मॅक नोंदीचं आयुष्य सहसा ३०० सेकंद असतं, म्हणून पाच मिनिटांत आपोआप 'बरं' झालं आणि कारण शोधायला मागे काहीच उरलं नाही. दुसऱ्यांदा घडलं तेव्हा मॅक-पिंगने जुन्याच पीईकडे बोट दाखवलं. अडचण एवढीच की दोन वेगळ्या कंपन्यांच्या राउटरांमध्ये यावर विसंबता येत नाही.

मग घ्यायचं काय?

तुम्ही सेवादार असाल आणि एकाच गोष्टीला वेळ देता येणार असेल तर सीएफएम बसवा, एका सेकंदाचा सीसीएम पुरे. व्हीसीसीव्हीला वेगळा खर्च नाही. लाइन सोपवायच्या दिवशी दोन्ही दिशांनी, पूर्ण आकाराने करा आणि निकाल कागदावर लिहून ठेवा. पुढे बिघाड आल्यावर तोच कागद कामाला येतो. बीएफडी राखीव जोडण्यांपुरता. मॅक-पिंग आठवणीत ठेवा, वेळ येईल.

तुम्ही पतसंस्थेत, जिनिंगमध्ये किंवा डाळ मिलमध्ये नेटवर्क सांभाळत असाल तर यातलं पहिलंच साधन तुमच्या हातात आहे. दर पाच मिनिटांनी प्रत्येक शाखेला १४७२ चा पिंग लावून ठेवा आणि त्याच्या शेजारी एक छोटा पिंग. छोटा लागतो आणि मोठा पडतो, असं दिसलं की सेवादाराला फोन करताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका. 'मोठी फ्रेम पडतेय, वाट बदलली का बघा' एवढं सांगा.

शहाद्याच्या त्या पर्यायी मार्गावरचा स्विच आम्ही बदलून घेतला. आता पाचही पीईवर सीसीएम चालू आहे, आणि रोज पहाटे तीनला मुख्य वाट मुद्दाम बाजूला करून राखीव वाटेवरून पूर्ण आकाराचे शंभर लूपबॅक जातात. गेल्या महिन्यात दोंडाईचाजवळ पुन्हा फायबर तुटली. शाखेतून फोन आला नाही.