दऱ्यांचा दर्या झाला: विकत घेतलेलं डिझाइन सॉफ्टवेअर, चौदा महिन्यांनंतर

पाचशे मुखपृष्ठं. छापून, लॅमिनेशन होऊन आलेली. पुस्तक डोंगरभटकंतीचं, आणि उपशीर्षकात ‘डोंगर’च्या शेजारी ‘दऱ्या’ हवं होतं तिथे ‘दर्या’. डोंगराशेजारी समुद्र असा काही शोभून दिसत होता, की डिझाइन करणारी मी, लेखक, लेखकाची बहीण आणि प्रेसवाला, चौघांनीही पीडीएफ पाहून ‘छान’ म्हटलं होतं. गठ्ठा सोडल्यावर लेखकच पहिल्यांदा म्हणाले, “अहो, मी तर पोहतसुद्धा नाही.”

हा अनुभव लिहायला बसले होते ती त्याच संध्याकाळी, रागात. तेव्हाचा मसुदा चार ओळींचा होता आणि त्यात ‘पैसे पाण्यात’ हा शब्दप्रयोग दोनदा आला होता. मधे पाच महिने गेले, मत दोनदा बदललं. तेव्हा आता सविस्तर.

आधी एक भाड्याचं, म्हणजे सदस्यतेवर चालणारं, आणि मग एक विकतचं अशी दोन सॉफ्टवेअर वापरली; त्या दोघांची नावं मुद्दाम घेत नाही. पेन टूल कसं, लेयर किती, आर्टबोर्ड आहे का, हे सगळं तुम्हाला माहीत असतंच आणि त्या बाबतीत दोन्हीकडे रडायला काही नाही. माझं भांडण व्यवहाराशी आहे.

आधी सहा वर्षं भाडं भरलं, एकदाही चुकवलं नाही. मग कार्डाची मुदत संपली, नवं कार्ड आलं आणि त्याचा नंबर तिथे भरायचा राहून गेला. चूक माझी. कंपनीचे मेल आले होते, जाहिरातींच्या टॅबमध्ये पडून होते. शनिवारी रात्री एका अहवालाची एकशेबारा पानं द्यायची होती. प्रोग्रॅम उघडला तर पडद्यावर एकच चौकट: सदस्यता संपली आहे. फाइल माझ्या डिस्कवर, मजकूर माझ्या गिऱ्हाइकाचा, प्रत्येक रेष माझ्या हातची, आणि मला ती उघडून बघतासुद्धा येईना. छापता येत नाही, बदलता येत नाही, हे एकवेळ समजू शकते. पण बघताही येऊ नये?

नंबर भरला, पैसे गेले, वीस मिनिटांत सगळं सुरू झालं. म्हणजे नुकसान वीस मिनिटांचं. पण त्या वीस मिनिटांत मला पहिल्यांदा कळलं की सहा वर्षांचं माझं काम दुसऱ्याच्या कुलपात आहे आणि किल्ली मी दर महिन्याला भाड्याने आणते.

सोमवारी सदस्यता रद्द करायला गेले तर पुढची गंमत. मी जिला ‘महिन्याची’ समजत होते ती योजना होती वर्षाच्या कराराची, फक्त हप्ता महिन्याचा. मधेच सोडलं तर उरलेल्या हप्त्यांतला काही भाग द्यायचा. ही अट बारीक अक्षरात होती, हे मी माझ्या अक्षरजुळवणीच्या अनुभवावरून सांगते: सात पॉइंट, करड्या रंगात. या प्रकारच्या अटीवरून अमेरिकी सरकारने तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, सांगण्यावरून जून २०२४ मध्ये फोटोशॉपवाल्या ॲडोबी कंपनीवर दावा लावला, तो मुदतीआधी सोडण्याचं शुल्क ग्राहकापासून लपवल्याच्या आरोपाचा. तेव्हा नियमपत्र वाचताना आळस करणारी मी एकटी नाही, एवढं समाधान. करार संपायला दोन महिने होते, ते मुकाट्याने संपू दिले आणि बाहेर पडले.

मग एकदाच पैसे भरून कायमचं मिळतं असं एक घेतलं. त्याची किंमत बरोब्बर साडेसात महिन्यांचं भाडं. आठव्या महिन्यापासून सगळं फुकट, असा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. (ती वही पुढे परत येणार आहे.)

पहिले आठ महिने खरंच सुखाचे गेले. उघडायला वेळ नाही, दर आठवड्याला अपडेट नाही, सकाळी बटणं जागेवरून हललेली नाहीत. जुन्या फाइलींपैकी ज्या पीडीएफशी सुसंगत म्हणून सेव्ह केल्या होत्या त्या उघडल्या. ज्यांची ती खूण मी कधीतरी फाइल हलकी व्हावी म्हणून काढली होती त्या नाही उघडल्या. अशा चाळीसेक फाइली आहेत. त्यांचं काही होणार नाही.

नवव्या महिन्यात दर्या.

सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर: स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला. दुसरं उत्तर: सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. टाकलं. तिसरं उत्तर मी जपून ठेवलं आहे. त्यांनी ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ शेजारीशेजारी ठेवून विचारलं होतं, यातलं चुकीचं कोणतं? त्या माणसाला देवनागरी येत नसणार, त्याचा दोष नाही. पण मी लांबलचक समजावून सांगितलं, की एक म्हणजे डोंगरामधली खोल जागा आणि दुसरा म्हणजे समुद्र. आचाऱ्याला बोलवायचं आणि आचार्याला बोलवायचं यात जेवढा फरक तेवढाच. त्यावर तक्रार आपोआप बंद झाल्याचा मेल आला, खाली पाच चांदण्या: आमची सेवा कशी वाटली?

मुखपृष्ठं पुन्हा छापली, माझ्या खर्चाने. हा खर्च अकरा महिन्यांच्या भाड्याएवढा. वहीत लिहिला. वर ‘फुकट’ लिहिलं होतं ते खोडलं.

इथपर्यंतचं मत एका ओळीत लिहून मी मोकळी झाले असते: मराठी काम करत असाल तर विकतचं घेऊ नका, भाड्याच्यातच अक्षरं नीट बसतात. आणि ते खोटंही नाही. ॲडोबीच्या पानं जुळवायच्या इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपासून भारतीय लिप्यांसाठी वेगळा कंपोझर, म्हणजे ओळीत अक्षरं बसवणारा भाग, आहे. त्यांच्या इलस्ट्रेटरमध्येही भारतीय लिप्यांसाठी तसा कंपोझर निवडता येतो. तो निवडला नाही तर तिथेही पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, हे ज्याने सोसलंय त्याला माहीत.

पण मला एक गोष्ट खुपत होती. नऊ महिने मी याच सॉफ्टवेअरमध्ये मराठी बसवत होते. ‘वाऱ्यावर’ होतं, ‘कुऱ्हाड’ होती, ‘सुऱ्या’ होत्या. त्या तुटल्या नाहीत. मग दऱ्यांनीच काय केलं?

एका रात्री लेखकाच्या मेलमधला शब्द उचलून अक्षरांचे कोड दाखवणाऱ्या एका साध्या साधनात टाकला. सहा खुणा निघाल्या: द, र, हलन्त, एक डोळ्यांना न दिसणारं शून्य रुंदीचं जोडचिन्ह, य, काना. तोच शब्द माझ्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट करून परत बाहेर काढला. पाच खुणा. ते अदृश्य जोडचिन्ह पेस्ट होताना गळून पडत होतं. ते र ला धरून ठेवतं, आडवा झोपवतं. ते गेलं की र उठून य च्या डोक्यावर चढतो, त्याचा रफार होतो आणि दरीत पाणी भरतं.

मग ‘कुऱ्हाड’ तपासली. तिच्यात जोडचिन्ह नव्हतंच. तिच्यात साधा र नव्हता, खाली टिंब असलेला ऱ होता, त्यापुढे हलन्त, त्यापुढे ह. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी जी जागतिक पद्धत, त्या युनिकोडला हे दोन्ही मार्ग मान्य आहेत. कोणाचा कीबोर्ड एका मार्गाने जातो, कोणाचा दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही मार्गांनी अक्षर हुबेहूब सारखंच दिसतं. नऊ महिने माझ्याकडे टिंबवाल्यांचा मजकूर येत होता, दहावं गिऱ्हाईक जोडचिन्हवाल्यांपैकी निघालं, एवढाच काय तो खेळ.

उपाय दोन मिनिटांचा आहे. मजकूर आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये घ्यायचा. ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ शोधायचं आणि त्याजागी ‘ऱ, हलन्त’ घालायचं. आचार्य, सूर्य, पर्याय यांना धक्का लागत नाही, कारण त्यांच्यात जोडचिन्ह नसतंच. त्याच फेरीत आणखी एक बदल करून घ्या: काही कीबोर्डवर ‘ॲ’ हा अ, जोडचिन्ह आणि चंद्र अशा तीन तुकड्यांत टाइप होतो, त्याजागी अखंड ‘ॲ’ घाला, नाहीतर ॲल्युमिनियमचं काय होतं ते बघवत नाही. मी हे बदल एका छोट्या मॅक्रोत, म्हणजे एका झटक्यात सगळे बदल करणाऱ्या आज्ञेत, बांधले आहेत. येणारा प्रत्येक मजकूर आधी त्या चाळणीतून जातो. गेल्या पाच महिन्यांत एकही शब्द तुटलेला नाही.

म्हणजे मत क्रमांक दोन: दोष आहे, चीड आणणारा आहे, पण चाळणी लावली की संपतो. अकरा महिन्यांचं भाडं मी सॉफ्टवेअरला नाही, माझ्या अज्ञानाला भरलं. खरं तर थोडं त्यांनाही, कारण हे त्यांच्या माणसाने मला सांगायला हवं होतं.

जिव्हारी लागलेली गोष्ट वेगळीच. खात्री करायला म्हणून तोच सहा खुणांचा शब्द इंकस्केपमध्ये पेस्ट केला. फुकट सॉफ्टवेअर. अक्षरं बसवायला त्यात हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी आहे, तीच जी फायरफॉक्समध्ये आणि लिब्रे ऑफिसमध्ये चालते. ‘दऱ्या’ पहिल्याच फटक्यात बरोबर. एक पैसा न घेता. (इंकस्केपवर सगळं काम का नेत नाही? छपाईसाठी सीएमवायके, म्हणजे चार शाईंचे, रंग लागतात आणि तिथे ते अजून माझ्या हाताला सुखाचे वाटत नाहीत. पोस्टर पडद्यापुरतंच असेल तर मी आता तिकडेच करते.)

विकतच्याचा आणखी एक दोष उभ्याउभ्या सांगते. काही फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी वळणाचे ल आणि श दोन्ही असतात, मजकुराची भाषा मराठी ठेवली की मराठी वळण आपोआप येतं. माझ्या सॉफ्टवेअरच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. मराठी वळणाचाच फॉन्ट वापरते, विषय संपला.

आता ‘कायमचं’ या शब्दाबद्दल. विकत घेतलं म्हणजे जन्माचं झालं असं मीही धरून चालले होते. ॲडोबीच्या सीएस२ चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद झाले तेव्हा ज्यांनी पैसे मोजून घेतलं होतं त्यांना कंपनीने २०१३ च्या सुरुवातीला सर्व्हरशिवाय चालणारी वेगळी प्रत द्यावी लागली. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिना आलं, ३२ बिटचे प्रोग्रॅम चालेनासे झाले, आणि त्यात सीएस६ वाल्यांची विकतची प्रत गेली. सॉफ्टवेअर तुमचं असतं, त्याखालची जमीन नसते. मी म्हणून कामाच्या कॉम्प्युटरची सिस्टिम अपडेट करणं थांबवलं आहे. हे शहाणपणाचं नाही, पण सध्या परवडतं.

भाडेकरूंनीही हसू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये पॅन्टोनच्या रंगसंग्रहांचा करार बदलला तेव्हा फोटोशॉपच्या जुन्या फाइलींतले ते रंग काळे दिसू लागले. हवे असतील तर पॅन्टोनचं वेगळं भाडं. जानेवारी २०२३ मध्ये ॲडोबीने टाइप १ फॉन्टचा आधार काढला. जुने मराठी फॉन्ट त्या प्रकारचे असणाऱ्यांनी भाडं वेळेवर भरलं होतं, फॉन्ट तरीही गेले.

आणि ‘एकदाच पैसे’ हा झेंडा घेऊन २०१४ पासून उभं असलेलं ॲफिनिटी हे डिझाइन सॉफ्टवेअर? ते बनवणारी सेरिफ कंपनी मार्च २०२४ मध्ये कॅनव्हाने घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवं ॲफिनिटी चक्क फुकट झालं. कॅनव्हाचं खातं उघडावं लागतं, एआयची अवजारं सशुल्क सदस्यांना. एका मैत्रिणीने त्याच्या काही महिने आधी जुनी आवृत्ती पैसे भरून घेतली होती. तिच्याशी या विषयावर बोलत नाही.

तिसरं मत, म्हणजे सध्याचं. रोजचं काम, मुखपृष्ठं, पत्रकं, लोगो, सगळं विकतच्यात. साडेतीनशे पानांचं, तळटीपा आणि सूची असलेलं पुस्तक आलं तेव्हा मात्र मी एक महिना भाड्याचं घेतलं. वर्षाच्या करारातलं नाही, खरोखर एका महिन्याचं. ते सुटं घेतलं की महाग पडतं, दीडपट पडलं. पण काम संपल्या दिवशी रद्द केलं आणि दंड शून्य. निघण्याआधी सगळ्या फाइली आयडीएमएल (इतर काही प्रोग्रॅममध्येही उघडणारा फाइलप्रकार) आणि पीडीएफमध्ये काढून घेतल्या. परत कधी तो शनिवार नको.

दर महिन्याला बारा-पंधरा प्रकारची कामं करणाऱ्याला, दुसऱ्या डिझायनरबरोबर ओपन, म्हणजे बदल करता येणाऱ्या मूळ, फाइलींची देवघेव करणाऱ्याला माझा मार्ग जमणार नाही. प्रेसला मी कर्व्ह केलेली (अक्षरांचं चित्रात रूपांतर केलेली) पीडीएफ देते आणि कोणाला ओपन फाइल देत नाही, म्हणून जमतं. गिऱ्हाइकाने ओपन फाइलच मागितली तर माझं सगळं गणित कोसळतं.

वहीतला हिशेब: चौदा महिन्यांचं भाडं वाचलं. त्यातून किंमत साडेसात, मुखपृष्ठं अकरा, एका महिन्याचं सुटं भाडं दीड. मी अजून सहा महिन्यांच्या भाड्याएवढी तोट्यात आहे.

काल त्याच कंपनीचा मेल आला. नवी आवृत्ती, जुन्या ग्राहकांना सवलत, एकशेचाळीस सुधारणा. यादी पूर्ण वाचली, दोनदा. मग चाचणी आवृत्ती उतरवली, लेखकाचा तो जुना मेल उघडला, शब्द उचलून पेस्ट केला.

दर्या.