वॉलन, टॉप की चाइल्डर्स: कंट्रीचा एकच नवा अल्बम घ्यायचा तर

एकच घ्यायचा असेल तर टायलर चाइल्डर्सचा ‘स्नाइप हंटर’ घ्या. निकाल आधीच सांगून टाकला, कारण पुढचं सगळं वाचून कदाचित तुम्ही दुसराच घ्याल आणि तेही बरोबरच असेल. कंट्रीकडून, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांकडून, तुम्हाला काय हवंय, यावर ते ठरतं.

तिन्ही अल्बम 2025 चे. मॉर्गन वॉलनचा ‘आयम द प्रॉब्लेम’ 16 मे रोजी आला, चाइल्डर्सचा 25 जुलैला आणि झॅक टॉपचा ‘एन्ट इन इट फॉर माय हेल्थ’ 29 ऑगस्टला. त्यांची परीक्षणं ओळीनं वाचली तर डोकं चक्रावतं. वॉलनच्या अल्बमबद्दल समीक्षक कुरकुरत होते आणि तो मात्र आठवडेच्या आठवडे बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, यादीत पहिल्या नंबरवर ठाण मांडून बसला होता. टॉपचं कौतुक झालं, पण ‘यात नवीन काय?’ ही शंका मागोमाग आलीच. चाइल्डर्सला बहुतेकांनी डोक्यावर घेतलं आणि त्याचे जुने चाहते मात्र थोडे बिचकले.

त्यात त्या वर्षी कंट्री म्हणजे काय, हाच वाद पेटलेला. फेब्रुवारीत पॉप गायिका बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला उत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. जूनमध्ये ग्रॅमीवाल्यांनी त्या पुरस्काराचे पारंपरिक आणि समकालीन असे दोन भाग केले. कारण काहीही सांगितलेलं असो, वेळ अशी साधली गेली की हे बियॉन्सेमुळेच केलं, अशी चर्चा झालीच. पारंपरिक विभागाचं पहिलं ग्रॅमी टॉपला मिळालं. चाइल्डर्स केंटकीच्या डोंगराळ भागातला, फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि बँजोवर पोसलेला, तरी त्याचं नामांकन समकालीन विभागात! वॉलननं अल्बम स्पर्धेत पाठवलाच नाही. तेव्हा पुरस्कारांच्या याद्या बघून निवड करू नका.

आता वॉलन. सगळ्यात आधी लांबीबद्दल बोलायला हवं, कारण या अल्बमची खरी अडचण तीच आहे. 37 गाणी, दोन तासांना जेमतेम चार मिनिटं कमी. 2021 च्या अल्बममध्ये 30 होती, 2023 च्या अल्बममध्ये 36. हा आकडा गाण्यांच्या ओढीनं वाढत नाही. स्ट्रीमिंगवर ऐकलेलं प्रत्येक गाणं अल्बमच्या खात्यात जमा होतं, म्हणजे जितकी गाणी जास्त तितका अल्बम यादीत वर. समीक्षकाला हे 37 एका बैठकीत किंवा दोन दिवसांत ऐकावे लागतात आणि विसाव्या गाण्याशी त्याचा धीर सुटतो. व्हिस्की, निघून गेलेली मुलगी, चूक तिची की माझी, पुन्हा व्हिस्की. मधल्या पट्ट्यात सरळसरळ पाट्या टाकल्यात. पण सामान्य श्रोता असं ऐकतच नाही. तो त्यातली सात-आठ उचलतो आणि वर्षभर गाडीत लावतो. परीक्षणं आणि खप यांच्यात एवढी दरी पडते ती यामुळे. दोघे वेगवेगळी वस्तू ऐकत असतात.

त्या सात-आठांत दम आहे, हे कबूल करायलाच हवं. मुलाला उद्देशून गायलेलं ‘सुपरमॅन’ घ्या. आपला बाप सुपरमॅन नाही, हे लेकराला आज ना उद्या कळणारच, तर मीच सांगतो, असा त्याचा सूर आहे. कंट्री गायक एरिक चर्चबरोबरचं ‘नंबर थ्री अँड नंबर सेव्हन’ दारू आणि वेग यांच्यावर आहे. त्यातला तीन हा शर्यतपटू डेल अर्नहार्टच्या रेसकारचा आकडा आणि सात हा जॅक डॅनियल्स व्हिस्कीच्या बाटलीवरचा. शेवटचं ‘आयम अ लिटल क्रेझी’ एवढं साधं आहे की आधीच्या तीन डझन गाण्यांवर इतका मुलामा कशाला चढवला, असं वाटतं. मुलामा म्हणजे तोच: यांत्रिक ड्रम, हिप-हॉपच्या वळणाचे ठेके आणि त्यावर वॉलनचा टेनेसीचा, किंचित नाकातला हेल. तो आवाज मात्र अस्सल आहे. पॉप गायिका टेट मॅकरेबरोबरचं ‘व्हॉट आय वॉन्ट’ सगळ्यात गाजलं. मला ते पॉप गाण्याला काउबॉय हॅट घातल्यासारखं वाटतं.

2021 मध्ये वॉलनचा वर्णद्वेषी शिवी देतानाचा व्हिडिओ बाहेर आला, रेडिओ केंद्रांनी त्याची गाणी काढली, खप मात्र वाढला. हे ठाऊक असून त्याला ऐकायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

झॅक टॉपची गोष्ट सरळ आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या सनीसाइडचा हा मुलगा, जन्म 1997 चा, लहानपणी भावंडांबरोबर ब्लूग्रास, म्हणजे बँजो-फिडलचं जुन्या वळणाचं संगीत, वाजवत वाढला. पण गातो असा की 1992 सालचा रेडिओ लावलाय की काय! निर्माता कार्सन चेंबरलेन हा ऐंशीच्या दशकातला कंट्री गायक कीथ व्हिटली याच्या वाद्यवृंदात स्टील गिटार (आडवी ठेवून वाजवायची गिटार) वाजवायचा, म्हणजे तो काळ त्यानं आतून पाहिलाय. त्यामुळे हे जुनेपण उसनं वाटत नाही. पेडल स्टीलचा, म्हणजे त्याच गिटारच्या पायपट्ट्या असलेल्या प्रकाराचा, एक लांब, भिजलेला सूर येतो, फिडल त्याला उत्तर देतं, आणि गायक मध्ये लुडबुड न करता कडवं संपवतो. ‘साउथ ऑफ सॅनिटी’ हे दौऱ्यावरच्या गायकाच्या मोडत चाललेल्या संसाराचं गाणं अल्बममधलं सर्वांत भारी. ‘गुड टाइम्स अँड टॅन लाइन्स’ उन्हाळी, हलकंफुलकं. एकदा ऐकून सोडून द्यावं.

15 गाण्यांत कंटाळवाणं एकही नाही. पण अचंबा वाटावा असंही काही नाही, हीच माझी तक्रार. टॉपला घराण्याचा कायदा पक्का माहीत आहे आणि तो मोडायला टॉप धजत नाही. ज्यांनी ॲलन जॅक्सन, जॉर्ज स्ट्रेट हे जुन्या वळणाचे कंट्री गायक ऐकलेले आहेत, त्यांना पहिल्या ओळीतच घरी आल्यासारखं वाटेल. ज्यांनी ऐकलेले नाहीत, त्यांनी थेट त्या दोघांकडेच का जाऊ नये, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. टॉप पुढे जाईल असं वाटतं, कारण गळा विलक्षण आहे. पण प्रश्न या अल्बमचा आहे.

आणि चाइल्डर्स. निर्माता रिक रुबिन, ज्यानं 1994 मध्ये थकलेल्या कंट्री गायक जॉनी कॅशला एका गिटारसमोर बसवून पुन्हा उभं केलं. इथे त्यानं उलट केलंय. खोली साफ करण्याऐवजी सगळी दारं उघडी टाकलीत: गिटारी खरखरतात, मध्येच सिंथेसायझर घुसतो, आवाज कधीकधी चिरकल्यासारखा येतो आणि तसाच ठेवलेला आहे. 13 गाणी आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. ‘ईटिंग बिग टाइम’मध्ये हातात पैसा खुळखुळू लागलेल्या माणसाची बढाई आहे. ‘डाउन अंडर’मध्ये ऑस्ट्रेलियातले रोगट कोआला आहेत. ‘बाइटिंग लिस्ट’मध्ये तर नायक म्हणतो, मला पिसाळलेल्या कुत्र्यासारखा रेबीज झाला तर कोणाकोणाला चावायचं याची यादी तयार आहे आणि तुझं नाव त्यात वर आहे. याला उत्कृष्ट कंट्री गाण्याचं ग्रॅमी मिळालं, हे कळल्यावर मी मनापासून हसलो.

मग येतं ‘नोज ऑन द ग्राइंडस्टोन’. हे गाणं तो कित्येक वर्षं मैफलीत गातोय, चाहत्यांना पाठ आहे, स्टुडिओ अल्बममध्ये मात्र आत्ता आलं. कोळशाच्या पट्ट्यातला बाप मुलाला सांगतोय: कामाला जुंपून घे आणि त्या गोळ्यांपासून लांब राहा. पूर्व केंटकीत वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनानं घरंच्या घरं बसली, हे माहीत असेल तर त्या साध्या उपदेशाचं वजन कळतं. जुन्या चाहत्यांचं म्हणणं असं की ते गिटारवर एकट्यानं गायलेलं जास्त लागतं. असेलही. मला इथलं आवडलं, कारण आजूबाजूच्या टवाळीत ते अचानक समोर येतं आणि हसू थांबतं.

मराठी श्रोत्याला खरा धक्का आहे अकराव्या गाण्यात. नावच ‘तीर्थयात्रा’. केंटकीचा ख्रिस्ती वळणात वाढलेला माणूस भगवद्गीता वाचतो, कुरुक्षेत्राचं नाव घेतो आणि भारतात यात्रेला जायची ओढ गाऊन दाखवतो. ‘धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे’ लहानपणी पाठ केलेल्या आपल्यासारख्यांना प्रथम हसू येतं, उच्चारांमुळे. मग लक्षात येतं की हा माणूस आपली टिंगल करत नाहीये. अध्यात्माची आयती पोज घेत नाहीये. आपण या सगळ्याला किती परके आहोत, हे त्याला कळतं आणि तो ते लपवत नाही. पाश्चात्त्य गायकांनी भारतावर केलेल्या गाण्यांत सतार आणि धूप आणण्याची जी सवय आहे, ती इथे नाही. चाल आणि हेल डोंगरातलाच राहतो. लगेच पुढच्या ‘टॉमकॅट अँड अ डँडी’त हरे कृष्णचा जप ऐकू येतो, तोही मृत्यूबद्दलच्या गाण्यात. कुणाला हा उथळ शोध वाटेल. मला तो प्रामाणिक गोंधळ वाटला, आणि या अल्बमची बाजू मी घेतो ती याच दोन गाण्यांमुळे.

अल्बम सगळा जमलाय असं मात्र नाही. दोन-तीन गाणी मित्रांच्या अड्ड्यावरच्या विनोदासारखी आहेत, बाहेरच्याला अर्धीच कळतात. चाइल्डर्सचे उच्चारही अवघड. पहिल्यांदा शब्द समोर ठेवूनच ऐका. टॉपचा शब्दन्‌शब्द स्वच्छ लागतो, वॉलनचाही बहुतेक.

गाडीत मुलं असतील तर चाइल्डर्स नको, शिव्या बऱ्याच आहेत, तिथे टॉप. ह्यूस्टन-डॅलसकडे राहणाऱ्यांना वॉलन विकत घ्यायची गरजच नाही, रेडिओ तो रोज ऐकवतो. तुम्ही प्लेलिस्टवालेच असाल तर ‘व्हॉट आय वॉन्ट’ सोडून वर सांगितलेली त्याची तीन गाणी उचला आणि उरलेली सोडा. एलपी घेऊन दोन्ही बाजू सलग ऐकणाऱ्याला टॉप निराश करणार नाही, चाइल्डर्स चिडवेल.

तिन्ही पुरुष झाले, हेही खटकतं. तेव्हा वर्षाची अट थोडी सैल करून सिएरा फेरेलचा मार्च 2024 मधला ‘ट्रेल ऑफ फ्लॉवर्स’ यादीत घाला. ती वेस्ट व्हर्जिनियाची. या अल्बमनं तिला एका रात्रीत चार ग्रॅमी मिळवून दिली, पण सगळी कंट्रीच्या नव्हे तर अमेरिकाना आणि रूट्सच्या, म्हणजे लोकसंगीताच्या मुळांशी जोडलेल्या गाण्यांच्या, विभागांत. 12 गाणी, फिडल भरपूर, आवाज शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीतून आल्यासारखा. टॉपचा जुनेपणा आवडला पण थोडा वेडेपणाही हवा होता असं ज्यांना वाटलं, त्यांनी ‘अमेरिकन ड्रीमिंग’पासून सुरुवात करावी.