घरी कुत्रं आहे, अंगणात काय लावायचं: कण्हेर की जास्वंद?

नागपुरात अंगणासाठी झाड विचारलं की शेजारीपाजारी हमखास सांगतात, "कण्हेर लावा. पाणी लागत नाही, अन् ढोर तोंड लावत नाही." दोन्ही खरं आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी कण्हेर फुललेलीच असते. पण ढोर तिला तोंड का लावत नाही, हे घरी पिल्लू आणणाऱ्यानं आधी विचारात घ्यावं. चार महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत असतात, हिरड्या शिवशिवतात. ते चव बघत बसत नाही, दिसेल ते चावतं.

कण्हेरीचं पान, फूल, फांदी, मूळ, सगळंच विषारी. त्यातलं ओलिअँड्रिन हृदयावर घाव घालतं: लाळ, उलट्या, मग ठोके मंद किंवा अनियमित. वाळल्यावरही विष उतरत नाही, म्हणून छाटलेल्या फांद्या सांदवाडीत टाकून ठेवणंही तितकंच धोक्याचं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, त्याच कुळातली. कुंडीत देखणं दिसणारं अडेनियमही तसंच.

जास्वंदीचं तसं नाही. कुत्र्यानं दोन-चार फुलं खाल्ली तर फार तर पोट बिघडतं. देवाला तीही चालते, गणपतीला तर तीच लागते. मात्र उन्हाळ्यात दोन्ही वेळ पाणी द्यावं लागतं आणि पिठ्या ढेकूण पिच्छा सोडत नाही. त्यावर जहाल औषध फवारलं तर झाड निर्धोक असून उपयोग काय? मी साबणाच्या पाण्यावर भागवते. पाण्याचा त्रास सोसून मी जास्वंदच लावली, आणि घरी कुत्रं असेल त्याला तेच सांगेन.

झेंडू आणि शेवंतीतला फरक मला आमच्या कुत्रीमुळे, राणीमुळे कळला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तिनं निर्माल्याची टोपली उलथवली आणि हार चघळत बसली. दुपारी तोंडातून लाळेची तार लोंबत होती, दोन उलट्या झाल्या, पोटाखालची कातडी लाल झाली होती. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "हारात फुलं कोणती होती?" मी झेंडू म्हणाले. त्यांनी विचारलं, "शेवंती?" ती होतीच. झेंडूनं पोटात थोडी गडबड होऊ शकते, पण उलट्या, लाळ, अंगाला खाज आणि जास्त खाल्ल्यास झोकांड्या, हे शेवंतीचं काम. राणी दोन दिवसांत सावरली. तेव्हापासून निर्माल्य झाकणाच्या डब्यात जातं.

मोगरा आणि सदाफुलीत तर प्रश्नच नाही. मोगरा बिनघोर लावा. सदाफुली कुठेही उगवते, पण तिच्यातले अल्कलॉइड जहाल असतात. त्यांतलंच व्हिन्क्रिस्टिन डॉक्टर कुत्र्यांच्या संसर्गजन्य गाठींवर इंजेक्शनातून देतात, तेही मोजूनमापून आणि रक्त तपासत.

गुलाब काट्यांपलीकडे सुरक्षित आहे, पण त्याच्या आळ्यात काय घालता ते बघा. हाडांच्या खताच्या वासानं कुत्रं माती उकरून खातं आणि पोट तुंबतं. एरंडीची पेंड त्याहून वाईट, तिच्यातलं रायसिन जीव घेऊ शकतं. कुत्रं असलेल्या घरात ती आणूच नका. हिवाळ्यासाठी झिनिया, पिटुनिया, अ‍ॅस्टर, सूर्यफूल यांतलं काहीही लावा.

आणि कण्हेर आधीपासून अंगणात असेल, कुत्र्यानं ती चावलेली दिसली, तर लक्षणांची वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा उपाय अजूनही लोक सांगतात. त्या मिठानंच कुत्रं दगावू शकतं. चावलेली डहाळी पिशवीत घाला आणि जवळच्या डॉक्टरांकडे किंवा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात थेट न्या. डहाळी दाखवली की झाड ओळखण्यात वेळ जात नाही.