गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स: चिल्लर मिळते पण कोणी लुटत नाही

सर्व्हे भरा आणि महिन्याला वीस-पंचवीस हजार कमवा असल्या जाहिरातींच्या नादी लागण्यापेक्षा हे ॲप बरं. रजिस्ट्रेशन फी नाही, आधार-पॅन नाही, प्रश्न पण थोडेच, अमुक दुकानात गेला होतात का, पेमेंट कसं केलं वगैरे. पण आपल्याकडे अँड्रॉइडवर रोख पैसे मिळत नाहीत बरं का, प्ले स्टोअरचं क्रेडिट मिळतं आणि ते वर्षभरात वापरलं नाही तर जातं, म्हणजे एखादं ॲप किंवा ई-बुक घ्यायला ठीक, घरखर्चाला काडीचा उपयोग नाही. लोकेशन मागतात ते मला जरा खटकतंच.

बाकी जिथे आधी पैसे भरायला सांगतात तो सर्व्हे नाहीच. आमच्या शेजारच्या काकूंना एका चॅट ग्रुपवर आधी दीड-दोनशे रुपये खरंच पाठवले, विश्वास बसला, मग 'प्रीपेड टास्क'च्या (आधी पैसे भरून करायचं काम) नावाखाली पाच हजार घेतले आणि ते काढायला परत 'टॅक्स' मागायला लागले! असं झालं तर आणखी एक रुपयाही न भरता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा, पैसे पुढच्या खात्यात सरकले की अडवणं अवघड जातं.

ॲपला साडेतीन स्टार.