मंडळाची वकील, अध्यक्षांची नव्हे

सोलापुरात कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंच्या कामाबद्दल लिहिते. वकिलांना जाहिरात चालत नाही, म्हणून नाव टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय.

मी आमच्या खो-खो मंडळाची खजिनदार. त्याच मैदानावर अकरा वर्षं खेळले. मंडळात दोन गट पडले तेव्हा कळलं, सात वर्षं धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्टच, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याची नोंदच, गेलेला नाही. शेड्युल वनवर, म्हणजे तिथल्या नोंदवहीतल्या मंडळाच्या पानावर, जुनीच कार्यकारिणी, त्यातले दोघे तर वारलेले. सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यातल्या कलम २२ प्रमाणे बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. आधीच्या वकिलाने हे कधी सांगितलं नाही. तो अध्यक्षांचे घरचे दावेही बघायचा.

जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीतून फायलींची पिशवी सांभाळत आम्ही बाईंकडे पोचलो. अध्यक्षांनी सभांचं प्रोसिडिंग बुक पुढे सरकवलं. राहिलेल्या सभा लिहून काढू, सह्या मी आणतो, म्हणाले. बाईंनी पानं चाळली आणि २०१९ च्या एका सभेखालच्या ताज्या निळ्या शाईवर बोट ठेवलं. "अध्यक्षसाहेब, मी मंडळाची वकील आहे, तुमची नाही. न झालेली सभा मी कागदावर भरवणार नाही." अध्यक्ष उठून गेले. मला घाम फुटला होता. पण माझ्या मते आमची फी तिथेच वसूल झाली.

दुसरा गट गुपचूप भेटायला गेला, त्यांनाही तेच उत्तर: काय ते कार्यकारिणीसमोर बोला.

नंतर बाईंनी कुस्तीचं उदाहरण दिलं. महासंघाची निवडणूक वेळेत झाली नाही, जागतिक संघटनेने २०२३ मध्ये निलंबन केलं आणि आपले मल्ल जागतिक स्पर्धेत तिरंग्याशिवाय उतरले. "भांडण पदाधिकाऱ्यांचं, भोगलं पोरांनी." आमच्या मुली सरकारी नोकरीत खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी अर्ज करतात. त्यांची प्रमाणपत्रं डोळ्यांपुढे आली आणि मी गप्प झाले.

तक्रारी दोनच. संध्याकाळी फोन उचलत नाहीत, आणि विलंब माफीसाठी प्रतिज्ञापत्र लागतं हे उशिरा सांगितलं, त्यामुळे एक तारीख फुकट गेली. फी मात्र पहिल्याच दिवशी लिहून दिली आणि पावती मंडळाच्याच नावाने.

रीतसर नोटीस काढून निवडणूक झाली, विलंब माफीचा अर्ज दाखल आहे. जाणार असाल तर संस्थेची मूळ घटना, पीटीआरचा (सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा) उतारा, ऑडिट रिपोर्ट आणि प्रोसिडिंग बुक न्या. नुसत्या झेरॉक्सवर त्या मत देत नाहीत.