मॉनिटर 165 हर्ट्झचा दाखवला, गळ्यात मारलं जुनं कार्ड

कॉम्प्युटरच्या दुकानात ‘पॅकेज लावून देतो’ असं कोणी म्हणालं की आधी एकच विचारा: ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागाचं, पूर्ण नाव काय? ‘आठ जीबीचं आहे’ हे उत्तर नव्हे. पुण्यातल्या एका दुकानात आम्हाला हेच उत्तर मिळालं होतं. पुढचं सगळं रामायण इथे लिहून ठेवतोय, कारण कॉलेजचे प्रवेश झाले की आणि दिवाळीच्या तोंडावर ही मंडळी हाच खेळ नव्याने मांडतात.

भाचा इंजिनिअरिंगला लागला आणि ताईने कबूल केलेला गेमिंग पीसी घ्यायची वेळ आली. बजेट 75 हजारांचं. दुकानदाराने कोटेशन लिहून दिलं. त्यात मॉनिटरचं वर्णन लग्नपत्रिकेतल्या नवरदेवासारखं सविस्तर: कंपनी, मॉडेल नंबर, 27 इंच, 2560×1440, 165 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला 165 वेळा चित्र ताजं होणं), 1 मिलिसेकंद, एचडीआर. त्याखाली एका ओळीत ‘ग्राफिक कार्ड 8 जीबी’. भाच्याने खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, ‘आरएक्स 580 आहे, नवीन. वॅलोरंट गेम मख्खन चालतो.’

काउंटरवर तोच मॉनिटर चालू होता. स्क्रीनवर यूएफओ टेस्ट (हालचाल किती सफाईने दिसते ते दाखवणारं वेबपान) लावलेली, माउस तर लोण्यातून फिरवल्यासारखा. विंडोजच्या सेटिंगमध्ये 165 हा आकडा त्याने स्वतः उघडून दाखवला. ‘सर, हाच मॉनिटर तुमच्या घरी.’ यात खोटं काहीच नव्हतं, मॉनिटर तोच आला. फक्त तो ज्या कॅबिनेटला जोडला होता, त्याची काचेची बाजू भिंतीकडे वळवलेली होती. भांडायला गेलो तेव्हा मी मुद्दाम वाकून पाहिलं, तर आत आरटीएक्स 3070 हे कितीतरी दमदार कार्ड होतं.

बिलाच्या वेळी नेहमीचं नाटक झालं. पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के वर. ताई पतसंस्थेत नोकरीला आहे, बिलाशिवाय ती कोथिंबीरही घेत नाही. तिने पक्कं बिल तर घेतलंच, शिवाय ‘ग्राफिक कार्ड 8 जीबी’ ही ओळ खोडायला लावून ‘आरएक्स 580 8 जीबी, नवीन’ असं लिहून घेतलं आणि कार्डावरचा सिरीयल नंबरही टाकायला लावला. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं. पुढे आम्हाला तारलं ते याच ओळीने.

साताऱ्याला घरी आणून पीसी जोडला. विंडोजमध्ये 75 हर्ट्झच्या वर पर्यायच दिसेना. फोन लावला, तर ‘मख्खन’वाले साहेब म्हणाले, ‘कार्ड लहान पडतंय हो सर. 165ला मोठं कार्ड लागतं. घेऊन या, एक्स्चेंजमध्ये करून देतो, वर 14 हजार द्या.’ आधी एक केबल बदलून बघू का विचारलं, तर म्हणे फोर-के वाली एचडीएमआय केबल आहे आपल्याकडे, 1200ला.

मॉनिटरच्या पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. कोणत्या पोर्टातून कोणत्या रिझोल्यूशनला किती हर्ट्झ मिळतात, हे त्यात छापलेलं असतं. आमच्या पुस्तिकेत एचडीएमआयसमोर 2560×1440 ला 75 आणि डिस्प्लेपोर्टसमोर 165 असं स्वच्छ लिहिलं होतं. मॉनिटर जुन्या स्टॉकमधला, त्याचं एचडीएमआय पोर्ट 1.4 आवृत्तीचं. त्या पोर्टातून सेकंदाला जास्तीत जास्त 10.2 गिगाबिटचा सिग्नल जातो. तिथे 1200ची सोडा, सोन्याची केबल लावली तरी 165 येणार नाही. पुस्तिकेतल्याच सामानाच्या यादीत डिस्प्लेपोर्ट केबलही होती, पण आमच्या खोक्यात ती नव्हती. ‘चेक करून देतो’ म्हणत दुकानातच खोक्याची पट्टी फाडली होती, तेव्हाच ती काढून घेतली असणार, दुसरं कारण मला तरी सुचत नाही. ऑफिसमधल्या एका मित्राची डीपी, म्हणजे डिस्प्लेपोर्ट, केबल आणून लावली आणि त्याच ‘लहान’ कार्डाने क्षणात 165 दाखवले.

म्हणजे आधी केबल काढून घ्यायची, मग केबल नसल्याचा दोष कार्डावर ढकलायचा आणि त्या जोरावर आणखी 14 हजार उकळायचे. इतकी साधी युक्ती यशस्वी होते, कारण बहुतेकांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते आणि दुकानदार ती सोडवून सांगत नाही.

कार्ड आणि मॉनिटर म्हणजे आचारी आणि वाढपी. मॉनिटर सेकंदाला 165 वेळा पंगतीत फिरू शकतो, हा झाला रिफ्रेश रेट. तो मिळणं न मिळणं पोर्ट, केबल आणि सेटिंग यांवर ठरतं, आणि त्यासाठी फार मोठं कार्ड लागत नाही. पण प्रत्येक फेरीला नवा पदार्थ पातेल्यात तयार असणं, म्हणजे फ्रेम, हे कार्डाचं काम. कार्ड सेकंदाला 45 फ्रेम रांधत असेल, तर 165 फेऱ्यांतल्या बऱ्याच फेऱ्यांना ताटात तेच पडतं जे आधी पडलं होतं. डेस्कटॉपवर माउस फिरवून 165 दाखवणं सोपं आहे, कारण तिथे रांधायला काहीच नसतं. दुकानातला डेमो नेहमी डेस्कटॉपवर का असतो, हे आता लक्षात येईल.

किती रांधावं लागतं, हे पिक्सेल मोजून कळतं. 1920×1080 च्या, म्हणजे फुल एचडी पडद्यावर साधारण 20.7 लाख पिक्सेल असतात, 2560×1440 म्हणजे 1440पी वर 36.9 लाख आणि 3840×2160 म्हणजे फोर-के वर 82.9 लाख. फुल एचडीवरून 1440पी वर गेलात की कार्डाला दर फ्रेममागे पावणेदोनपट पिक्सेल काढावे लागतात, फोर-के वर चौपट. म्हणून आधी कार्ड ठरवायचं, आपण कुठले गेम खेळणार ते बघायचं, आणि मग पडदा. वॅलोरंट किंवा सीएस 2 खेळणाऱ्याला हर्ट्झ हवेत, मोठ्या कथेचे जड गेम खेळणाऱ्याला कार्ड हवं. दुकानदार हे उलट्या क्रमाने विकतो, कारण मॉनिटर डोळ्यांना दिसतो आणि कार्ड डब्यात बंद असतं.

तर 165 मिळाले, वॅलोरंट खरंच छान चाललं, म्हणून भाच्याने सायबरपंक 2077 हा जड गेम टाकला. 1440पी वर मध्यम सेटिंगला फ्रेम तिशीच्या आसपास लटपटत होत्या. आरएक्स 580 हे 2017 सालचं कार्ड, त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नव्हतीच. पण नेटवर त्याच कार्डाचे जे आकडे दिसत होते, त्यांच्याही खाली हे चाललं होतं. जीपीयू-झेड नावाचा, कार्डाची माहिती दाखवणारा छोटा फुकट प्रोग्राम आहे, तो उघडला. शेडर्सच्या, म्हणजे चित्र काढणाऱ्या छोट्या गणकांच्या, चौकटीत 2048.

अस्सल आरएक्स 580 मध्ये 2304 असतात. 2048 असतात ते आरएक्स 570 मध्ये. पण 2018 च्या ऑक्टोबरमध्ये चिनी बाजारासाठी ‘आरएक्स 580 2048एसपी’ नावाचं एक कार्ड निघालं होतं, नाव 580चं आणि आतडी 570ची. नाव पूर्ण लिहिलं तर तो कायदेशीर माल आहे. शेवटचे आकडे गिळून ‘आरएक्स 580’ म्हणून विकलं की फसवणूक.

मग कार्ड बाहेर काढून उजेडात धरलं. डब्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही, नुसतं ‘गेमिंग ग्राफिक्स कार्ड’ आणि एका ड्रॅगनचं चित्र. पंखे नवेकोरे, पण त्यामागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत राखाडी, तेलकट धूळ घट्ट बसलेली, टाचणीने खरवडली तर लोकरीसारखी निघाली. पाठीमागच्या पट्टीवर एचडीएमआयच्या कडेला गंजाची तांबूस रेघ. चिपभोवतीच्या चारही स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, म्हणजे कोणीतरी ते आधी उघडून बसवलेले. हे कार्ड क्रिप्टो माइनिंगमध्ये, म्हणजे आभासी चलन कमावण्यासाठी सतत गणितं सोडवण्यात, राबून आलं होतं. आठ जीबीची आरएक्स 570 आणि 580 ही माइनिंगवाल्यांची लाडकी कार्डं. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या आभासी चलनाच्या जाळ्याने ग्राफिक्स कार्डांवरचं माइनिंगच बंद केलं आणि वर्षानुवर्षं चोवीस तास तापलेल्या कार्डांचे ढीग बाजारात आले. नवे पंखे, नवा डबा, की झालं ‘नवीन’. जुनं कार्ड जुनं म्हणून, जुन्या भावात घ्यायला माझी हरकत नाही. पण आमच्याकडून 11,500 घेतले होते.

नाव एक आणि पोटात दुसरंच, हा रोग फक्त त्या कार्डाला नाही. आरटीएक्स 3060 म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर 12 जीबीचं येतं, पण 8 जीबीचंही आहे. त्यात मेमरीचा रस्ता 192 बिटांऐवजी 128 बिटांचा, त्यामुळे ते चांगलंच मागे पडतं. आरटीएक्स 3050 चं 6 जीबीवालं 8 जीबीवाल्यापेक्षा नुसतं मेमरीत कमी नाही, कोरही कमी आहेत. जीटी 1030 डीडीआर 4 मेमरीचं निघालं तर ते वेगात जीडीडीआर 5 वाल्याच्या निम्म्यावर येतं. या सगळ्यांत निदान कंपनीने डब्यावर छापलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे जुनाट कार्डाचं बायोस (कार्डातला मूळ प्रोग्राम) बदलून त्याला जीटीएक्स 1050 टीआय वगैरे नाव देणारे. विंडोजला ते कळत नाही. जीपीयू-झेड मात्र 2018 पासून अशी नकली एनव्हीडिया कार्डं ओळखून नावाआधी ‘फेक’ असं लिहितो. पेन ड्राइव्हवर तो प्रोग्राम घेऊन दुकानात जा. तुमच्याच पीसीवर, तुमच्याच कार्डावर लावून दाखवा म्हणा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान गाठा.

मॉनिटरच्या खोक्यावरच्या बाकी शब्दांबद्दल फार लिहीत नाही. ‘1 एमएस’च्या शेजारी बारीक एमपीआरटी (हलत्या चित्राचा धूसरपणा मोजणारं माप) लिहिलं असेल तर तो पिक्सेलचा रंग बदलायचा वेग नाही. नुसतं ‘एचडीआर सपोर्ट’ म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारा सिग्नल स्वीकारतो एवढंच, झळाळी दिसेलच असं नाही. खोक्यावर निदान डिस्प्लेएचडीआर 400 हा व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा शिक्का तरी हवा, आणि 400 हीसुद्धा त्यातली सगळ्यात खालची पायरी. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर फ्रीसिंक मॉनिटरवर (जो आपल्या फेऱ्या कार्डाच्या फ्रेमशी जुळवतो) फ्रेमचा ताळमेळ हवा म्हणून डीपी केबलच वापरा, जुन्या एचडीएमआयवर तो बहुधा मिळत नाही.

आता दुकानदाराकडे वळतो. आधी म्हणाला, ‘दादा, 580च आहे, सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतं.’ मग म्हणाला, माल वरून असाच येतो. मग बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ताईने शांतपणे तिची फाईल उघडली. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा. तक्रार दुकान आहे तिथेच करावी लागते असंही आता राहिलेलं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. तो हसला. ‘करा केस.’

केसपर्यंत जावं लागलं नाही. ताईने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली. सोबत बिल, जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट, गंजलेल्या पट्टीचा फोटो आणि कार्डावरच्या सिरीयल नंबरचा फोटो जोडला. बिलावर ‘नवीन’ आणि ‘आरएक्स 580’ हे दोन्ही शब्द त्याच्याच अक्षरात होते, त्यामुळे वरून असाच येतो म्हणायची सोय उरली नाही. थोड्या दिवसांनी त्याचाच फोन आला, आवाजात एकदम साखर. कार्ड परत घेतलं, 11,500 परत केले. डीपी केबल मात्र शेवटपर्यंत दिली नाही, खोक्यात तशी केबल कधी आलीच नव्हती असं सांगत राहिला. ती आम्ही बाहेरून घेतली.

मॉनिटर ठेवला, कारण मॉनिटरमध्ये दोष नव्हताच. थोडी भर घालून कंपनीच्या वॉरंटीचं आरटीएक्स 3060, 12 जीबीवालं घेतलं. या वेळी सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघितल्यावरच पैसे दिले. वॅलोरंटला 165 भरतात, जड गेमना डीएलएसएस (कमी पिक्सेल काढून चित्र मोठं करण्याची एनव्हीडियाची युक्ती) लावून काम भागतं. सगळं अल्ट्रावर टाकून 1440पी हवं असेल तर याच्याही वरचं कार्ड लागतं, हे भाच्याला मान्य आहे, ताईला सांगितलेलं नाही.

भाच्याच्या वर्गातल्या आणखी दोघांनी त्याच दुकानातून हेच पॅकेज घेतलंय. दोघांच्याही जीपीयू-झेडमध्ये 2048. एकाची 1915 वर तक्रार गेली आहे. दुसऱ्याने 18 टक्के वाचवले होते, त्याच्याकडे बिलच नाही, आणि त्याचं कार्ड सध्या दुकानात ‘चेकिंगला’ आहे.